फाइल त्यांच्या हातात द्या

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४७, अंधेरीला खासगी कंपनीत नोकरी. पत्नी ४३ वर्षांच्या. महिन्यापूर्वी त्यांच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवरचे स्त्री-संप्रेरकांचे ग्राहक) पॉझिटिव्ह आणि हर-टू (पेशींची वाढ वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह आलं आहे. येत्या सोमवारी परळला पहिली केमो. आधी तीन-तीन आठवड्यांनी चार, मग दर आठवड्याला एक अशा बारा आणि शेवटी रेडिएशन. घरात पंचाहत्तरीची आई, दहावीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा.

ते लिहितात : "हिला कसलाही ताण नको म्हणून सगळं मी अंगावर घेतलंय. फाइल माझ्याकडेच असते, रिपोर्ट हिला दाखवत नाही. स्वयंपाकाला बाई लावली आहे, हिला उठूच देत नाही. हिच्यासमोर डोळ्यांत पाणी येऊ देत नाही. मुलांना 'गाठ काढली' एवढंच माहीत आहे. तरी ही गप्प बसून असते, नाहीतर मुलांवर चिडते. मला जवळ येऊ देत नाही. परवा म्हणाली, 'मी काय घरातली पाहुणी आहे का?' माझं काय चुकतंय? नोकरी सोडून पूर्ण वेळ हिच्याजवळ राहावं का?"

नमस्कार,

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या पत्नींनी परवाच दिलं आहे आणि ते तुम्ही पत्रात लिहूनही टाकलंय. पाहुण्याला आपण कामाला हात लावू देत नाही. त्याच्यासमोर पैशाअडक्याचं बोलत नाही. डोळ्यांत पाणी आलं तर आत जाऊन पुसून येतो. महिनाभर तुम्ही त्यांच्याशी नेमके असेच वागलात. प्रेमापोटी वागलात, यात मला शंका नाही. पण ज्या बाईने इतकी वर्षं घर चालवलं, तिच्या शरीराचा एक भाग आजाराने नेला आणि उरलेलं घरच्यांनी हातातून काढून घेतलं, तर चिडण्याखेरीज तिच्याकडे राहतं काय?

म्हणून सोमवारच्या आधी एक काम करा. फाइल त्यांच्या हातात द्या.

'ताण नको' या तुमच्या म्हणण्यामागे असं गृहीत आहे की न सांगितलं म्हणजे ताण येत नाही. खरं तर त्यांना सगळं दिसतंय. तुम्ही गॅलरीत जाऊन दबक्या आवाजात फोनवर बोलता, डॉक्टरांच्या खोलीत एकटेच मागे थांबता, हे त्या बघतात आणि मधली गाळलेली जागा स्वतःच्या भीतीने भरतात. ती भीती रिपोर्टपेक्षा बहुतेक वेळा मोठीच असते. शिवाय रिपोर्ट लपवताना त्यातली बरी बातमीही तुम्ही लपवलीत. ईआर, पीआर पॉझिटिव्ह म्हणजे ही गाठ स्त्री-संप्रेरकांवर पोसली जाणारी, त्यामुळे मुख्य उपचार संपल्यावर रोजच्या एका गोळीने तिची वाट अडवता येते. त्यांच्या वयात ती गोळी बहुधा टॅमॉक्सिफेन, ५ ते १० वर्षं. हर-टू निगेटिव्ह म्हणजे वर्षभर चालणारी ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शनं लागणार नाहीत. हे त्यांना कुणी सांगितलंय का?

एक मात्र सांभाळा. सगळ्याच जणींना सगळं जाणून घ्यायचं नसतं. फाइल देताना विचारा, "सगळं वाचू या, थोडक्यात सांगू, की तू विचारशील तेवढंच सांगू?" त्या म्हणाल्या, "तूच बघ, मला नको," तर तेही मान्य करा, पण तेव्हा तो निर्णय त्यांचा असेल. आज 'नको' म्हणणारी बाई तिसऱ्या केमोनंतर 'दाखव' म्हणू शकते, तेव्हा पुन्हा विचारत राहा. एकत्र वाचायला बसलात तर चार गोष्टी शोधा : गाठ किती सेंटिमीटरची होती, काखेतल्या किती गाठी काढल्या आणि त्यांपैकी कितींमध्ये रोग होता, ग्रेड कोणती (म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात), आणि ईआर-पीआर-हर-टू. पुढचा उपचार मुख्यतः या चारांवर ठरतो. कळलं नाही ते वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत त्यांना स्वतःला विचारू द्या. डॉक्टर तुमच्याकडे बघून बोलू लागले, तर तुम्ही पत्नीकडे बघा. डॉक्टरांची नजरही वळते.

फाइलच्या पहिल्या पानावर निदान, शस्त्रक्रियेची तारीख, केमोच्या औषधांची नावं, प्रत्येक डोसची तारीख, ॲलर्जी आणि रुग्णालयाचा तातडीचा नंबर लिहा. त्या पानाचा फोटो तुमच्या, त्यांच्या आणि मुलीच्या फोनमध्ये ठेवा. पॅथॉलॉजीचे ब्लॉक (गाठीचे मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड कुठे आहेत याची पावती जपा. दुसरं मत घ्यायचं झालं किंवा पुढे एखादी तपासणी करायची झाली तर कागदी रिपोर्ट पुरत नाही, ब्लॉक मागतात.

आता 'हिला उठूच देत नाही' याबद्दल. हे ताबडतोब थांबवा, कारण यात नुकसान आहे. काखेतल्या गाठी काढल्यावर हात हलवला नाही तर खांदा आखडतो. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लोक 'शेक' म्हणतात, ते देताना हात डोक्याच्या वर नेऊन काही मिनिटं अगदी स्थिर निजावं लागतं. हात वर जात नसेल तर ती स्थितीच घेता येत नाही, आणि मग आधी खांदा मोकळा होईपर्यंत थांबावं लागतं. तेव्हा फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज झालेच पाहिजेत. भिंतीकडे तोंड करून बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं, हात पोचेल तिथे पेन्सिलने खूण करायची, दुसऱ्या दिवशी खूण थोडी वर न्यायची. पाच ते दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. ताण जाणवला तर चालेल, कळ आली की थांबायचं. रोज पंधरा-वीस मिनिटं चालणंही हवं. केमोतला थकवा नुसतं झोपून राहिल्याने वाढतो आणि बेताच्या चालण्याने कमी होतो; पुष्कळांना हे उलटं वाटतं. (ज्यांच्या घरी अजून ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी नळीने जमा करणारी बाटली लागलेली आहे त्यांच्यासाठी : २४ तासांत किती मिली जमलं हे रोज एकाच वेळी मोजून लिहा, बाटली जखमेच्या पातळीच्या खाली आणि दाबलेली ठेवा. साधारण ३० मिलीच्या आत आलं की ड्रेन काढतात.)

कोणती कामं त्यांची, हे त्यांनाच ठरवू द्या. सकाळचा चहा, धाकट्याचा अभ्यास, महिन्याच्या सामानाची यादी, काहीही. स्वयंपाकाची बाई राहू द्या, पण आज भाजी कोणती हे त्या सांगतील. डाव्या हाताने भरलेली बादली, गॅसचं सिलिंडर उचलायचं नाही, लोकलच्या कडीला लोंबकळायचं नाही. त्या हाताला सुई किंवा बीपीचा पट्टा नको, हे दर वेळी नर्सला आधीच सांगा. विळीने कापणं, तव्याचा चटका, डास चावून खाजवणं यातून त्या हाताला संसर्ग होतो, आणि त्यातूनच पुढे कायमची सूज येऊ शकते. घट्ट बांगड्या उजव्या हातात. अंगठी अचानक रुतायला लागली, हात जड वाटला, लाल आणि गरम झाला तर 'बघू उद्या' नको.

नोकरीचा प्रश्न आकड्यांनी सोडवू. चार केमो, तीन आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे १२ आठवडे. मग दर आठवड्याची, आणखी १२ आठवडे. तीन-चार आठवड्यांची विश्रांती आणि मग रेडिएशन, हल्ली पुष्कळ ठिकाणी ते १५ वेळा, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे ३ आठवडे. एकूण सात महिने. यात तुमची खरी गरज कधी? पहिल्या चार केमोंचा दिवस आणि त्यानंतरचे दोन दिवस : १२ दिवस. साप्ताहिक केमोचे १२ दिवस. रेडिएशनचे १५ अर्धे दिवस. म्हणजे ३०-३२ रजा, सात महिन्यांत पसरलेल्या. यातल्या काही वेळा त्यांची बहीण, भाऊ, शेजारीण सोबत जाऊ शकते. एवढ्यासाठी नोकरी सोडू नका. त्याहून मोठं कारण विम्याचं आहे. कंपनीची मेडिक्लेम नोकरीबरोबर जाते आणि कर्करोगाचं निदान झाल्यावर नवी पॉलिसी मिळणं फार अवघड असतं. साहेबांना हे तारखांचं वेळापत्रक दाखवा आणि लेखी मागा : अमुक दिवस रजा, पहिल्या चारांपैकी प्रत्येक केमोनंतरचा दुसरा आठवडा घरून काम. 'बायको आजारी आहे, अधूनमधून रजा लागेल' असं मोघम सांगितलं की नकार सोपा जातो.

पैशांचं थोडक्यात. मेडिक्लेममध्ये डे-केअर केमो, तोंडी औषधं आणि रुग्णालयाबाहेरच्या तपासण्या कितपत बसतात हे विमा कंपनीकडून पहिल्या डोसआधी लेखी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांसाठी आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. मात्र रुग्णालय आणि उपचार दोन्ही यादीत असावे लागतात. रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. ट्रस्टकडे अर्ज करायचे असतील तर वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. कोणत्या ट्रस्टला कोणते कागद लागतात हे तिथल्या लोकांना पाठ असतं. जुन्या करपद्धतीत साठीखालच्या रुग्णाच्या उपचार खर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, तेव्हा बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी टाकू नका.

केमोच्या चार गोष्टी नीट सांगतो, कारण इथे तुमचा खरा उपयोग आहे.

एक दोनशे पानी वही घ्या. केमोचा दिवस म्हणजे दिवस १. रोज तापमान, उलट्या, शौच, तोंड, झोप, काय खाल्लं, कोणती गोळी किती वाजता, एवढंच लिहायचं. पहिल्या सायकलची ही नोंद पुढच्या तिन्ही वेळा कामी येते. उदाहरणार्थ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्या गळून जातात आणि अकराव्या दिवशी भूक परत येते असं दिसलं, तर पुढच्या वेळी मुलीची शाळेतली सभा अकराव्या दिवसानंतरच्या तारखेला मागता येते. वही शक्यतो त्यांनीच लिहावी. नको वाटेल त्या दिवशी तुम्ही.

मळमळीच्या गोळ्या मळमळ सुरू होण्याची वाट न बघता घड्याळाप्रमाणे द्या. एकदा उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात टिकत नाही. यातल्या काही गोळ्यांनी मलावरोध होतो, त्याचं औषध आधीच लिहून घ्या. केमोबरोबर देतात त्या स्टेरॉइडने एक-दोन रात्री झोप लागत नाही. तो स्वभावातला बदल नाही. पहिल्या चारही डोसमधलं एक औषध लाल रंगाचं असतं आणि एक-दोन दिवस लघवीलाही लाली येते, घाबरू नका. पण ते शिरेतून जात असताना सुईपाशी आग झाली, टोचलं किंवा फुगलं तर त्याच क्षणी नर्सला हाक मारायची. 'थोडं सोसते' म्हणणारी बाई असेल तर हे काम तुमचं. ते औषध शिरेबाहेर झिरपलं तर कातडी जळते. केमोनंतर ४८ तास शौचालयात झाकण लावून दोनदा फ्लश करा, झाकण नसेल तर भरपूर पाणी ओता. ओकारी पुसताना हातमोजे घाला, ते कपडे वेगळे धुवा.

तोंड आलं तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करायला सांगा. खाण्यात बंधनापेक्षा पोटात जाणं महत्त्वाचं : मुगाची खिचडी, वरण-भात, अंडं, पनीर, नीट शिजवलेला मासा. फोडणीचा वास सहन होत नसेल तर स्वयंपाक होताना त्यांना आतल्या खोलीत बसू द्या आणि जेवण कोमट वाढा; गरम अन्नाचा वास जास्त येतो. स्टीलच्या चमच्याने तोंडाला धातूची चव येते अशी तक्रार असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकचा चमचा द्या. बाहेरची चटणी, पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं, उसाचा रस बंद. साखर खाल्ल्याने कर्करोग पोसला जातो म्हणून त्यांचा चहा फिका करू नका. गव्हांकुर, काढा, गोमूत्र, कुठल्याशा वैद्याच्या पुड्या घेऊन नातेवाईक येतीलच. भांडत बसू नका, "डॉक्टरांना विचारून देतो," म्हणा आणि खरंच विचारा. काही काढे यकृतावर ताण आणतात आणि मग पुढची केमो लांबते.

आता ताप. पत्रातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. आपण म्हणतो, 'काउंट पडले.' तेव्हा साधा संसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो. घरात चांगला डिजिटल थर्मामीटर ठेवा, तोंडात जिभेखाली लावा, काखेत आकडा कमी येतो. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, एकदा जरी दिसलं तरी रुग्णालयाला फोन करून निघायचं, रात्रीचे दोन का वाजले असेनात. त्याआधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, कारण ताप उतरलेला दिसतो आणि आतला संसर्ग वाढत राहतो. थंडी वाजून हुडहुडी भरली आणि ताप दिसत नसला, तरी नियम हाच. पावसाळ्यात 'व्हायरल असेल' किंवा 'डेंग्यू चाललाय सोसायटीत' म्हणून घरी थांबू नका. काय आहे ते रक्त तपासून ठरेल. काउंट वाढवायचं इंजेक्शन दिलं असेल तर कंबर आणि मांड्यांची हाडं दुखतात, त्यासाठी पॅरासिटामॉल चालतं, पण प्रत्येक वेळी आधी ताप मोजून. ते इंजेक्शन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही.

डोंबिवली ते परळ हे अंतर रात्री आणि मुसळधार पावसात किती लांब असतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून या आठवड्यातच ठरवा की लोकल बंद असेल, रस्ते तुंबले असतील, तेव्हा कल्याण-डोंबिवली-ठाणे पट्ट्यातल्या कोणत्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जायचं. परळच्या डॉक्टरांनाच विचारा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य : "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला, ताप इतका." हे वाक्य न बोलता रांगेत बसलात तर वेळ जातो. पहिल्या प्रतिजैविकासाठी साधारण एक तासाचं लक्ष्य धरतात. पाणीही पोटात न टिकणं, धाप, कुठूनही रक्तस्राव, एकाच पायाला सूज आणि दुखणं, यांनाही हाच नियम लावा.

केमोच्या दिवशी आणि काउंट पडलेल्या आठवड्यात लोकल नकोच, गाडी करा. इतर वेळी, विशेषतः रेडिएशनच्या त्या पंधरा फेऱ्यांना, लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांना जाता येतं; रुग्णालयाचं प्रमाणपत्र जवळ ठेवा. वेळ मागताना दुपारची मागा, म्हणजे सकाळच्या गर्दीत चढायला नको. गावाकडून मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या वाचकांसाठी : लांबच्या गाडीत स्लीपर आणि थर्ड एसीला रुग्णाचं भाडं माफ असतं आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. परळजवळ राहायची सोय हवी असेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातूनच करा.

केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जातील, बहुधा तीन-चार दिवसांत भराभर. उशीवर, मोरीच्या जाळीत, मुलाच्या शर्टावर. आधीच बारीक कापून घ्यायचे, विग घ्यायचा, ओढणी बांधायची की उघडं डोकं मिरवायचं, हे त्यांनी ठरवायचं आहे. विग घ्यायचा असेल तर केस असतानाच बघायला जा, रंग आणि पोत जुळवता येतो. काही नवरे प्रेमाने स्वतःचंही डोकं उतरवतात. तसा विचार असेल तर आधी त्यांना विचारा. आपल्याकडे घरातल्या पुरुषाचं मुंडण म्हणजे काय, हे दारात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि प्रत्येकाला उत्तर त्यांनाच द्यावं लागेल. तुमच्या आईशी मात्र तुम्ही आजच बोला. त्या पिढीच्या मनात बाईच्या केस नसलेल्या डोक्याला जुना, क्रूर अर्थ चिकटलेला आहे. सुनेला बघून त्यांचा चेहरा बदलला किंवा हळदीकुंकवाला 'राहू दे या वर्षी' असं तोंडून गेलं, तर ते पुसून काढणं फार कठीण. त्यांना सांगा, हे औषधाने झालं आहे, उपचार संपल्यावर दोन-तीन महिन्यांत केस पुन्हा दिसू लागतील, आणि कुंकू लावायचा पहिला मान हिचा.

मुलांना खरं सांगा. केस गेले की 'गाठ काढली' ही गोष्ट टिकणार नाही, आणि दहावीतली मुलगी फोनवर शोधून बसली नसेल असं मला वाटत नाही. आजाराचं नाव घ्या : आईला स्तनाचा कर्करोग झाला होता, तो काढला आहे, पुन्हा होऊ नये म्हणून औषध चालू आहे, त्या औषधाने केस जातील, आई थकेल. धाकट्याला तीन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात : तुझ्यामुळे झालं नाही, आईला मिठी मारल्याने तुला होत नाही, आणि तुला शाळेत सोडायला अमुक काका येतील. मुलगी कधीतरी विचारेल, "मलाही होईल का?" थेट उत्तर द्या. बहुतेक स्तनांचे कर्करोग आनुवंशिक नसतात, सुमारे ५ ते १० टक्केच असतात. आईचं वय ४३ आहे, म्हणून बीआरसीए जनुकांची (ज्यांतला दोष घराण्यात हा कर्करोग आणू शकतो) तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारणार आहोत. हे सगळं सांगताना आई शेजारी बसलेली असावी. तिला वगळून तिच्याविषयी बोलणं घडू देऊ नका.

'मला जवळ येऊ देत नाही,' असं लिहिलंत. त्यांनी स्वतः ती जागा आरशात बघितली आहे का, हे तुम्हाला माहीत आहे का? पुष्कळ जणी महिनोन्‌महिने दिवा लावून कपडे बदलत नाहीत. तुमच्या डोळ्यांत काय दिसेल, याची भीती सगळ्यात मोठी. 'मला काही फरक पडत नाही' हे वाक्य टाळा. त्यांना फरक पडलेला आहे. त्यापेक्षा म्हणा, "तुला वाटेल तेव्हा मला दाखव, मला बघायचं आहे. घाई नाही." दाखवतील तेव्हा नजर खाली घालू नका आणि लगेच बोलूही नका. तोवर पाय चेपून देणं, केसांना तेल लावणं, रात्री हात धरून झोपणं चालू ठेवा, आणि त्याला पुढे काही अपेक्षा जोडू नका. शरीरसंबंधाला केमोत मनाई नसते, पण उपचार चालू असेपर्यंत दर वेळी निरोध वापरा. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो, आणि उपचारांत तो राहायला नको. गर्भनिरोधक गोळ्या त्यांना चालणार नाहीत, त्यात संप्रेरकं असतात. कोरडेपणा आणि अंगातून वाफा येणं याला औषधं आहेत, पण तीही डॉक्टरांना विचारूनच. कपड्यांच्या आत घालायचा कापसाचा किंवा फोमचा हलका कृत्रिम स्तन आता मिळेल. सिलिकॉनचा वजनदार घ्यायचा असेल तर रेडिएशन होऊन कातडी शांत होईपर्यंत थांबा.

आणि तुमचे अश्रू. ते लपवता तेव्हा त्यांना दोनच अर्थ लागतात : एक तर याला काही वाटत नाही, किंवा काहीतरी फार वाईट आहे. एखाद्या रात्री "मलाही भीती वाटते गं" एवढं म्हणा. नंतर गप्प बसा. त्या बोलायला लागल्या की 'पॉझिटिव्ह राहा', 'सगळं ठीक होईल' म्हणून त्यांचं बोलणं मध्येच बंद करू नका. त्यांना रडायचं असतं तेव्हा उपाय नको असतो. कळत नसेल तर विचारा, "आत्ता नुसतं ऐकू, की काही करू?" सगळी भीती मात्र त्यांच्यावर ओतू नका. त्यासाठी भाऊ, जुना मित्र, असा कुणीतरी एक आधीच ठरवून ठेवा, ज्याला रात्री अकराला फोन करता येईल. नातेवाइकांना रोजची खबर द्यायचं काम एका चुलतभावावर सोपवा, म्हणजे तेच तेच वीस वेळा सांगायला लागणार नाही, आणि सातव्या ते चौदाव्या दिवसात भेटायला कुणी येऊ नये हेही त्यालाच सांगू द्या. तुमची बीपीची तपासणी शेवटची कधी झाली? दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही असं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. नाहीतर तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा. ते कमकुवतपणाचं लक्षण समजू नका. सात महिन्यांचं काम आहे.

सोमवारी सकाळी हलका नाश्ता करून निघा. पिशवीत भरायचं : फाइल, रक्ताचा आणि हृदयाच्या एकोचा रिपोर्ट, पाण्याच्या दोन बाटल्या, साधी बिस्किटं, लिंबू, शाल, ओकारीसाठी दोन-तीन प्लास्टिकच्या पिशव्या, चार्जर आणि पुढून बटणं असलेला सैल कुडता, म्हणजे उजवा हात सहज मोकळा राहतो. फाइल त्यांच्या खांद्याच्या पिशवीत, बाकी ओझं तुमच्याकडे. सलाईन तीन-चार तास चालेल. शेजारच्या खुर्चीत बसून तुम्ही लॅपटॉप उघडायचा, गप्पा मारायच्या, की खाली जाऊन चहा पिऊन यायचं, हेही त्यांनाच विचारा. काही जणींना नवरा एकटक बघत बसलेला अगदी नको असतो.